मिरचीच्या गावचे वाणी आणि सह्याद्रीतला नरक्या

एपीएमसी मार्केट हे नाव आम्ही नवी मुंबईकर इतक्या सवयीने घेतो, की त्याचा अर्थ ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ असा आहे हेच विसरायला होतं. समिती १९७७ची. मुंबईतल्या घाऊक बाजारांची गर्दी खाडीपलीकडे न्यायची, म्हणून आधी कांदा-बटाटा आला, मग १९९०-९१च्या सुमारास मसाला आणि धान्य आलं, आणि १९९६ साली भाजी आणि फळं आली. मस्जिद बंदरचे व्यापारी, माथाडी, तराजू, हातगाड्या, सगळा संसार वाशी-तुर्भ्याला येऊन बसला. धान्याच्या बाजाराला जुने लोक अजून दाणाबंदरच म्हणतात. बंदर मागे राहिलं, नाव मात्र सोबत आलं.

या सगळ्यात माझ्या आवडीचं म्हणजे मसाला मार्केट. तिथे माल गावाच्या नावाने ओळखला जातो. हळद सांगलीची, मिरची कधी ब्याडगीची, कधी गुंटूरची, कधी नंदुरबारची. शाळेत मी इतिहास आणि मराठी शिकवत असे, पण शिक्षक कमी पडले की भूगोलाचा तासही गळ्यात यायचा. “नंदुरबार कशासाठी प्रसिद्ध आहे?” असा प्रश्न मुलांना विचारला की ठरलेलं उत्तर यायचं, “मिरचीसाठी, बाई!” उत्तर बरोबरच आहे. पण त्या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी दिसलं नाही. आज त्याच दुसऱ्या उत्तराबद्दल लिहायचं आहे.

मी या विषयाकडे वळले ते घरातल्या एका आजारपणामुळे. २००९ साली माझ्या धाकट्या जावेला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, मग केमोथेरपी सुरू झाली. पहिल्या दोन फेऱ्यांतच तिचे केस गेले, तोंड आलं, जेवण तुटलं. त्या वेळी सासरच्या एका वडीलधाऱ्यांनी गावाहून काढ्याची पुडकी पाठवली आणि निरोप दिला, “ते विषारी इंजेक्शन बंद करा. आपलं झाडपाल्याचं औषध द्या. ते नैसर्गिक आहे, त्याने अपाय होत नाही.” त्यांचा हेतू चांगलाच होता. ते आज हयात नाहीत, आणि त्यांच्या मायेबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण घरात त्या निरोपावरून दोन तट पडले. जाऊ मला म्हणाली, “ताई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा काय करू.” मी मराठी माध्यमातली बीए. औषधांतलं मला काय कळणार? तिला घेऊन सरळ डॉक्टरांकडे गेले आणि काढ्याची गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली. ते तरुण डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, “मावशी, आता पुढच्या फेऱ्यांत जे औषध आम्ही देणार आहोत, तेही झाडाच्या सालीतूनच सापडलेलं आहे. फरक एवढाच, की त्यात काय आहे, किती आहे आणि ते शरीरात काय करतं हे आम्हाला माहीत आहे. काढ्यात काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. आणि दोन्ही एकत्र पोटात गेली तर काय होईल, हे तर कोणालाच माहीत नाही.”

त्या औषधाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. घरी येऊन भाच्याकडून नेटवर शोधून घेतलं, आणि त्या शोधात पहिल्याच दिवशी नंदुरबारचं नाव समोर आलं!

पण तिथे जाण्याआधी थोडं मागे जाऊ या. झाडापासून औषध तयार होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला एका जुन्या, आपल्याच मुंबईतल्या गोष्टीवरून समजलं. ती गोष्ट सर्पगंधेची.

सर्पगंधा ही लहानशी झुडूपवर्गीय वनस्पती. तिची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती, सापाच्या विषावर आणि मुख्य म्हणजे वेडाच्या झटक्यांवर. बिहारमध्ये तर तिला ‘पागल की दवा’ असंच म्हणत. युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञ प्लुमिए यांनी १७०३ साली या कुळाला सोळाव्या शतकातल्या राऊवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याचं नाव दिलं आणि पुस्तकांत ती ‘राऊवोल्फिया’ झाली. १९३१ साली दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतून काही शुद्ध द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या आठवणीसाठी ‘अजमलीन’ नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की ही मुळी वेडावर तर चालतेच, शिवाय वाढलेल्या रक्तदाबावरही चालते.

इथे मी जरा थांबले होते. रक्तदाब! दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचं साधन इटलीत रिवा-रोची यांनी १८९६ साली केलं. त्याआधी कोणत्याही वैद्याला, तो कितीही थोर असो, आकड्यात रक्तदाब कळणं शक्यच नव्हतं. म्हणजे मुळी जुनी, माणसाचं डोकं शांत होतं हा अनुभवही जुना, पण तिचा हा दुसरा गुण मोजमाप आल्यावरच डोळ्यांना दिसला. ‘पूर्वजांना सगळंच माहीत होतं’ आणि ‘पूर्वजांना काहीच माहीत नव्हतं’ ही दोन्ही वाक्यं मी तेव्हापासून बोलायची सोडली.

मग मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील. जन्म १९११चा, लंडनमध्ये शिकून आलेले हृदयरोगतज्ज्ञ. आपल्या परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेच्या गोळ्यांचा अभ्यास केला. ज्यांचा दाब सतत चढलेला आहे असे ५० रुग्ण घेतले, औषध दिलं, चार आठवडे आकडे लिहून ठेवले. वरचा दाब सुमारे ८५ टक्के रुग्णांत उतरला, खालचा सुमारे ८१ टक्क्यांत. हा अभ्यास १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. आजच्या मापाने ५० रुग्ण म्हणजे लहानच संख्या. पण जगाने सर्पगंधेकडे वळून पाहिलं ते या लेखामुळे. अमेरिकेत बोस्टनला विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर ती वापरून पाहिली. स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव रेसरपीन. १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरलं, म्हणजे ‘पागल की दवा’ जग फिरून पुन्हा आपल्या मूळ कामाला लागली. १९५७ साली वकीलांना अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ साली ते गेले. केईएमच्या दारावरून मी कितीदा गेले असेन, पण हे नाव मला माहीत नव्हतं.

आता ‘मुख्य द्रव्य वेगळं काढलं’ असं आपण एका वाक्यात म्हणतो, पण ते काढतात कसं? मला हे समजायला वेळ लागला. माझ्यासारख्यांसाठी माझ्याच भाषेत सांगते. समजा वर्गात कोणीतरी बारीक शिट्टी वाजवतंय. साठ मुलं, सगळी साळसूद. मी काय करायची? अर्धा वर्ग व्हरांड्यात पाठवायची. शिट्टी आत वाजते की बाहेर, ते ऐकायचं. जिथे वाजते त्या निम्म्यांचे पुन्हा दोन भाग. असं करत करत शेवटी एकच मुलगा उरतो. झाडाचंही तसंच. साल वाळवून भुकटी करायची, अल्कोहोलसारख्या द्रवात भिजवून अर्क काढायचा. त्या अर्कात शेकडो पदार्थ असतात. त्याचे दोन-चार भाग करायचे आणि प्रत्येक भाग प्रयोगशाळेतल्या पेशींवर किंवा उंदरांवर लावून बघायचा. ज्या भागात गुण दिसतो तो ठेवायचा, त्याचे पुन्हा भाग पाडायचे. शेवटी हातात येते चिमूटभर पांढरी पूड. मग तिची घडण शोधायची, तिचं प्रमाण ठरवायचं, आणि तिचे अपाय तपासायचे. यात दहा-वीस वर्षं सहज जातात, आणि बहुतेक वेळा शेवटी हाती काहीच लागत नाही.

अर्क काढण्याच्या पद्धतीलाही किती महत्त्व असतं पाहा. चीनमध्ये तू यूयू या बाईंनी १९७१च्या सुमारास हिवतापावर औषध शोधताना दवण्याच्या जातीची एक वनस्पती घेतली. उकळून केलेल्या अर्काने धड गुण येईना. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात त्यांना आढळलं, की तिथे ती वनस्पती उकळायला नव्हे, पाण्यात भिजवून पिळायला सांगितली आहे. त्यांनी उष्णता टाळून इथरमध्ये अर्क काढला, आणि गुण आला. त्यातून आलेल्या आर्टेमिसिनीनसाठी त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. जुन्या ग्रंथाचा एक बारीक तपशील आणि नव्या प्रयोगशाळेची शिस्त, दोन्ही एका बाईच्या हातात आली म्हणून हे झालं.

आता नंदुरबार. मनसुख छगनलाल वाणी यांचा जन्म २० फेब्रुवारी १९२५ रोजी नंदुरबारला झाला. तेव्हा ते पश्चिम खानदेशातलं गाव होतं, नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ साली. मुंबई विद्यापीठातून त्यांनी रसायनशास्त्रात बीएस्सी आणि एमएस्सी केलं. अंधेरीच्या भवन्स कॉलेजात काही वर्षं शिकवलं. म्हणजे आधी मास्तर! (हे वाचून मला उगाचच बरं वाटलं.) मग तिशी ओलांडल्यावर ते अमेरिकेला गेले, इंडियाना विद्यापीठात १९६२ साली पीएचडी पूर्ण केली, आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत मन्‍रो वॉल यांच्याकडे रुजू झाले.

वॉल यांच्याकडे एक चिनी झाड होतं, कॅम्पटोथेका नावाचं. चिनी भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘आनंदाचं झाड’. वॉल आधी सरकारी शेती खात्याच्या प्रयोगशाळेत होते. तिथे दुसऱ्याच कामासाठी हजारेक वनस्पतींचे अर्क काढले होते, ते त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासायला पाठवले. त्यात या झाडाचा अर्क कर्करोगावर परिणाम करताना दिसला. वॉल आणि वाणी यांनी त्यातली ‘शिट्टी वाजवणारी’ पूड शोधून काढली आणि १९६६ साली तिची घडण जाहीर केली. तिचं नाव कॅम्पटोथेसिन.

पुढची गोष्ट सरळ नाही. कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळत नाही. ते विरघळावं म्हणून त्याचं क्षाररूप करून रुग्णांना दिलं, तर गुण थोडा आणि त्रास फार, मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. सत्तरच्या दशकात चाचण्या थांबवल्या गेल्या. औषध कपाटात गेलं. १९८५ साली कळलं की हा पदार्थ पेशीतल्या एका विशिष्ट विकराला धरतो, आणि त्यामुळे वाढणाऱ्या पेशीला आपल्या जनुकांची प्रत नीट काढता येत नाही. एवढं कळल्यावर त्याच्या घडणीत थोडे बदल करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन अशी दोन औषधं तयार झाली. १९९६ साली अमेरिकेत दोन्हींना मान्यता मिळाली. १९६६ ते १९९६, बरोब्बर तीस वर्षं.

आणि माझ्या जावेचं औषध? तेही याच जोडीचं. १९६२च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात ‘यू’ नावाच्या झाडाची साल गोळा केली. ती फिरत फिरत वॉल आणि वाणींकडे आली. १२ किलो वाळलेल्या मालातून त्यांना अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ मिळाला. अर्धा ग्रॅम! आपल्या स्वयंपाकघरात एवढं केशर मोजायचं म्हटलं तरी काटा हलत नाही. १९७१ साली त्याची घडण त्यांनी प्रसिद्ध केली आणि नाव दिलं टॅक्सॉल. पुढे आठ वर्षं त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ यांनी दाखवलं, की पेशी दुभंगताना तिच्यात जे बारीक तंतू बनतात आणि मोडतात, ते टॅक्सॉलमुळे मोडेनासेच होतात, मग पेशी तिथेच अडकून मरते. १९९२च्या डिसेंबरात बीजकोशाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, १९९४ साली स्तनाच्या. औषध बाजारात आणणाऱ्या कंपनीने ‘टॅक्सॉल’ हे नाव आपलं व्यापारी नाव म्हणून नोंदवलं, म्हणून मूळ पदार्थाला पॅक्लिटॅक्सेल हे नवं नाव घ्यावं लागलं. ज्यांनी बाळाचं बारसं केलं होतं, त्यांच्यादेखत नाव बदललं! त्या पदार्थावर वॉल किंवा वाणी यांचं पेटंटही नव्हतं. मान मात्र मिळाला. २००० साली दोघांना कर्करोग संशोधनाचा केटरिंग पुरस्कार देण्यात आला. वॉल २००२ साली गेले. वाणी ११ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी. टाळेबंदीचे दिवस होते. आपल्याकडे कुठे बातमी आली असेल तर माझ्या वाचनात आली नाही.

एक अडचण मात्र सालीतच होती. यू हे झाड अतिशय सावकाश वाढतं आणि साल सोलली की मरतं. एक किलो औषधासाठी सुमारे तीन हजार झाडं लागतात असा हिशेब त्या काळी मांडला जाई. हे असं चाललं असतं तर झाडंही संपली असती आणि औषधही. सुटका झाली ती फ्रान्सच्या पिएर पोतिए आणि अमेरिकेच्या रॉबर्ट होल्टन यांच्या कामामुळे. युरोपातल्या यूच्या पानांत एक जवळचा पदार्थ मिळतो, त्याच्यापासून प्रयोगशाळेत औषध पुरं करता येतं. पानं पुन्हा फुटतात, झाड जगतं.

हे सगळं वाचून मला वाटलं, छान, गोष्ट संपली. पण सगळ्यात जवळची गोष्ट पुढेच होती.

गोरेगावला सिबा कंपनीचं संशोधन केंद्र होतं. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. मद्रासचे टी. आर. गोविंदाचारी त्याचे प्रमुख होते, निसर्गातली रसायनं ओळखण्यात त्यांचा हातखंडा. १९७२ साली त्यांनी आणि एन. विश्वनाथन यांनी जाहीर केलं, की सह्याद्रीत वाढणाऱ्या एका झाडात कॅम्पटोथेसिन आहे, आणि तेही चिनी झाडापेक्षा चांगल्या प्रमाणात! ते झाड म्हणजे नरक्या. काही भागांत त्याला घाणेरा म्हणतात. फुलांना घाण वास येतो म्हणून ही नावं. गंमत अशी की त्याचं तिसरं नाव ‘अमृता’. नरक आणि अमृत, दोन्ही एकाच झाडाला चिकटलेली! मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांनी आपल्या भागातल्या वनस्पतींची यादी केली होती, ती १८३९ साली छापली गेली. या झाडाची शास्त्रीय नोंद त्या यादीत सापडते. त्याच्या शास्त्रीय नावात ‘निम्मोनियाना’ आहे, ते ग्रॅहमच्या यादीला हातभार लावणाऱ्या निम्मो यांच्यावरून.

म्हणजे बघा, अंधेरीत शिकवणारा माणूस अमेरिकेत जाऊन चिनी झाडात जे शोधतो, ते अंधेरीपासून चार पावलांवर गोरेगावात आपल्याच डोंगरातल्या झाडात सापडतं. शाळेच्या नाटकात असा योगायोग दाखवला असता तर मुख्याध्यापकांनी ‘फार होतंय’ म्हणून काढायला लावला असता.

पुढचं वाचून मात्र मन खट्टू झालं. कॅम्पटोथेसिनची औषधं निघाल्यावर जगाला कच्चा माल हवा झाला. १९९०नंतर सिंधुदुर्ग, कोल्हापूर, रत्नागिरीच्या डोंगरांतून नरक्याची झाडं तोडली गेली, मुळासकट उपटली गेली, तुकडे करून बाहेर गेली. परदेशात त्याचा अर्क निघाला. तोडणाऱ्याला मिळाली ती लाकूडतोडीची मजुरी. आपण काय तोडतो आहोत हे त्याला कोणी सांगितलं नाही. वन खात्याने अशा लाकडाच्या गाड्या अडवल्या, पण तोवर कितीतरी भागांत झाड दुर्मिळ झालं होतं. जैवविविधतेचा कायदा झाला २००२ साली. स्थानिक माणसांना त्यांच्या रानातल्या वस्तूच्या फायद्याचा वाटा मिळावा असं त्यात लिहिलं आहे. नरक्याच्या बाबतीत कायदा पोचला तो पंगत उठल्यावर.

याच काळात आपण एक लढाई जिंकलीही होती, ती हळदीची. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळदीचा वापर’ यावर पेटंट मिळालं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने डॉक्टर रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली त्याला आव्हान दिलं. ‘आमची आजी लावत होती’ एवढं सांगून तिथे भागत नाही, लिहिलेला पुरावा लागतो. परिषदेने बत्तीस संदर्भ जमवले, त्यात १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक निबंधही होता. १९९७ साली पेटंट रद्द झालं. इतिहासाची शिक्षिका म्हणून मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की आपला हक्क राखला तो कागदाने. हळदीबद्दल लिहिलेलं होतं. नरक्याबद्दल रानातल्या माणसांना जे ठाऊक होतं त्याची अशी नोंद कोणी ठेवली नाही. आणि नोंद असती तरी कुऱ्हाडीपुढे एकट्या कागदाचं काय चालणार, हाही प्रश्न उरतोच.

आमच्या घरातल्या तटांचं काय झालं, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. जावेने पॅक्लिटॅक्सेलच्या सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या. काढ्याची पुडकी उपचार संपेपर्यंत फडताळातच राहिली. हातापायांना मुंग्या येत, रात्रभर ती पाय चोळत बसे. “हे झाड फार चावतं हो ताई,” असं म्हणायची. आज ती अडुसष्ट वर्षांची आहे, नातवंडांच्या मागे धावते. हे केवळ त्या औषधाने झालं असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रिया होती, किरण होते, रोग वेळेवर सापडला होता. तिच्याच वॉर्डात, तेच औषध घेतलेल्या सगळ्याच बायका घरी परतल्या नाहीत. त्यांचे चेहरे मला आठवतात. म्हणून ‘झाडाने वाचवलं’ असं सोपं वाक्य लिहायला हात धजत नाही.

पण ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे तर त्याहून सोपं आणि त्याहून धोक्याचं वाक्य आहे. यूच्या झाडाची पानं खाल्ली तर माणूस मरू शकतो. तेच झाड अर्ध्या ग्रॅमच्या हिशेबात औषध होतं. कण्हेर आणि धोतरा आपल्या परसातलेच आहेत, ते कोणी कौतुकाने खात नाही. झाडाला आपलं भलंही करायचं नसतं आणि वाईटही. किडीपासून, जनावरांपासून स्वतःचा बचाव करायला ते काही द्रव्यं तयार करतं. त्यातलं एखादं आपल्या उपयोगी पडतं, आणि ते कोणतं आणि किती, हे शोधायला वकीलांसारखी, वाणींसारखी, तू यूयूंसारखी माणसं आयुष्य घालवतात. कोणी काढा घेत असेल तर जरूर घ्यावा, पण डॉक्टरांना सांगून घ्यावा, लपवून नाही. एवढी एक गोष्ट या लेखातून कोणाच्या उपयोगी पडली तरी पुष्कळ झालं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आज सावंतवाडीकडे शिक्षिका आहे. तिला मी हे सगळं कळवलं, तेव्हा तिने पावसाळ्यात मुलांना आंबोलीच्या रानात नेलं. एका जाणत्या गावकऱ्याने त्यांना नरक्याचं झाड दाखवलं. फार उंच नव्हतं. पांढुरक्या फुलांचा वास येताच मुलांनी नाकं दाबली आणि हसली. मग तिने त्यांना सांगितलं, हे झाड कुठे कुठे जाऊन काय काय करून आलं आहे ते. एका मुलाने विचारलं, “मग बाई, ते तोडणाऱ्यांना हे माहीत होतं का?” तिच्याकडे उत्तर नव्हतं, तिने मला फोन केला. मी म्हटलं, “नव्हतं, असंच सांग. आणि आता तुम्हाला आहे, हेही सांग.”